निळी ताडपत्री

चौकीसमोरचा खांब सरकारचा होता, पण त्या खांबाला ताणून धरणारी तार आपली आहे, असं एदविजचं ठाम मत होतं. खांब रोवला तेव्हा तारेचं एक टोक तिच्या स्वयंपाकघरामागच्या खडकात ठोकलं होतं, आणि तो खडक तिच्या नवऱ्याच्या आज्याच्या जमिनीतला. तेव्हा तारेवर ऑक्टोपस वाळत घालायचा हक्क तिचाच. सरकारने हे कधी कबूल केलं नव्हतं, पण सरकार रोज सकाळी उठून तारेकडे बघायला थोडंच येतं. यायचा तो शिपाई आर्मांद.

"एदविजबाई, सरकारी तार आहे ही."

"मग सरकारला म्हणावं, एक खाऊन बघ. मिरची लावून परतून देते. गप्प बसेल."

"उद्या मोठे साहेब आले तर मी काय सांगू?"

"त्यांनाही देईन. पायच देईन पण. डोकं देऊन काय उपयोग, वापरायची सवय नाही त्यांना."

आर्मांद कपाळावर हात मारून घ्यायचा आणि चहा प्यायला तिच्याच ओट्यावर येऊन बसायचा. एदविज त्याला 'सरकार' म्हणायची. दोघांचीही पन्नाशी उलटलेली, तिचा नवरा दर्याने नेलेला, त्याची बायको तापाने गेलेली, आणि रॉड्रिग्ज बेटाच्या त्या वायव्य टोकाला, खाडीवर नाक काढून उभ्या असलेल्या टेकाडावर, चौकी आणि एदविजचं घर सोडलं तर दुसरं काही नव्हतं. भांडायला तरी शेजार हवाच.

खांबाचं काम वर्षातून चार-पाच महिनेच असे, वादळांच्या दिवसांत. एक लाल बावटा चढला की रेडिओकडे कान ठेवायचा. दोन चढले की छपराला दोर बांधायचे, बकऱ्या आत घ्यायच्या. तीन चढले की दारं लावायची, आणि मग आभाळ कोसळलं तरी बाहेर पाऊल टाकायचं नाही, निळा लागेपर्यंत. निळा लागला म्हणजे संपलं. हे तिथल्या पोरांना अक्षरांच्या आधी शिकवतात. खाडीच्या पलीकडे वाळूचा लांबच लांब दांडा होता, त्याच्यावर जाळी टाकणाऱ्या लोकांची वस्ती. त्यांच्या रेडिओत खारं पाणी शिरायचं, बॅटऱ्या फुगायच्या. ते सरळ समोर टेकाडावरच्या खांबाकडे बघायचे. खांब जे सांगेल ते खरं.

एदविजची एकुलती एक मुलगी सोलांज त्याच दांड्यावर दिली होती. 'दिली होती' हे एदविजचं म्हणणं. खरं म्हणजे ती आपणहून गेली होती, आन्सेल्म नावाच्या एका उंच, शांत, सांगितल्या कामाला कधी नाही न म्हणणाऱ्या पोराच्या मागे. पोरगा चांगला होता, ते एदविजही मनात कबूल करायची. पण घर वाळूवरचं, आणि सासू ओदिल. ओदिलबाई म्हणजे रोज प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी चॅपेलच्या दारात हजर, बावटा दिसायच्या आधी घरात हजर. नियमाच्या रेघेवरून बोटभर इकडे नाही की तिकडे नाही.

भांडण झालं ते बाप्तिस्म्यावरून. सोलांजला मुलगी झाली, ओरेली. धर्ममाता म्हणून एदविजने आपल्या बहिणीला शब्द देऊन ठेवलेला. ओदिलने तिला न विचारता स्वतःच्या बहिणीचं नाव पाद्रीबाबांना कळवून टाकलं. एदविज बाप्तिस्म्याला गेली नाही. सोलांजने निरोप पाठवला, "आई, तू आली नाहीस ना, आता मीही येणार नाही." एदविजने उलट निरोप पाठवला, "बरं होईल, चहा वाचेल." तेव्हापासून दोघी बोलल्या नव्हत्या. ओहोटीला चालत गेलं तर खाडी ओलांडायला भात शिजायला लागतो तेवढा वेळ, आणि एदविजने नातीचं तोंडही पाहिलं नव्हतं. आतून तिचा जीव तुटत होता. पण आपला हेका सोडणं तिच्या रक्तातच नव्हतं.

आणि ही तीच सोलांज, जिला एदविजने दहा वर्षांची असल्यापासून ओहोटीच्या पाण्यात ऑक्टोपस मारायला नेलं होतं. गुडघाभर पाण्यात सळई धरून कसं उभं राहायचं, बिळाच्या तोंडाशी पडलेल्या कवचांवरून आत कोण बसलंय ते कसं ओळखायचं, पाय उचलून न टाकता तळावरून घसरवत कसा न्यायचा, सगळं. एदविजची सहा-सात बायकांची टोळी होती आणि टोळीची आपली एक खूण होती. पाणी फिरतंय हे जिला आधी दिसेल तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवायचे. तो इशारा दिसला की हातातलं सगळं टाकायचं आणि मागे न बघता तिच्याकडे चालत सुटायचं. घरी नाही, होडीकडे नाही, तिच्याकडे. दांड्यावरच्या बायकांना ही खूण ठाऊक नव्हती. त्या जाळी विणायच्या, मासे खारवायच्या, ऑक्टोपसच्या वाटेला जात नसत.

त्या मोसमात 'सेलिन' नावाचं वादळ आलं. पहिला लाल बावटा चढला तेव्हा एदविजने तारेवरचे ऑक्टोपस उतरवले. दुसरा चढला तेव्हा बकऱ्या न्हाणीघरात कोंडल्या. तिसरा चढवून आर्मांद खाली आला आणि तिच्या ओट्याशी थांबला.

"दांड्यावर सांगून आलोय. म्हटलं, इकडे वर चौकीत या सगळे. नाही म्हणाले."

"का?"

"म्हणे आमचं वारं डोंगराकडून येतं. डोंगर पाठीशी आहे तोवर वाळूचा एक कणही हलत नाही. आज्या-पणज्यापासून असंच आहे म्हणे." त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. "अजून वेळ आहे एदविजबाई. लेकीला निरोप देऊ? तू ये म्हणालीस तर येईल ती."

एदविजच्या ओठावर 'ये' हा शब्द आला होता. अगदी दातांपर्यंत आला होता.

"तिला सासू आहे विचारायला," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. दार लावल्यावर मात्र फळीच्या फटीतून ती पलीकडच्या दांड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. येत असतील तर दिसतील म्हणून. कुणी आलं नाही.

मग वारा सुटला. खरोखरच डोंगराकडून आला तो. पहिल्यांदा नुसता ढोसत होता, मग त्याने धक्के मारायला सुरुवात केली. एदविजचं घर दगडी होतं, पण स्वयंपाकघर वेगळं, पत्र्याचं. तिने खाटेखाली बसून मारियामातेला साकडं घातलं. "घर वाचव. नाहीतर राहू दे, घर गेलं तरी चालेल, पलीकडचं वाचव. ओदिलचं छप्पर गेलं तर हरकत नाही, पण छपराखालचे वाचव." थोड्या वेळाने तिला वाटलं, देवाच्या आईशी असा घासाघीस केलेला सौदा बरा नव्हे, म्हणून ती म्हणाली, "बरं, ओदिललाही वाचव." तेवढ्यात बाहेर कुणीतरी प्रचंड कापड टरकावल्यासारखा आवाज झाला आणि स्वयंपाकघराच्या छपराचे पत्रे उडाले ते खाडीवरून पार दिसेनासे झाले.

आणि एकाएकी सगळं थांबलं.

कान बधिर झाल्यासारखे झाले तिचे. तिने दार उघडलं. वर आभाळ स्वच्छ निळं होतं, ऊन पडलं होतं. ओट्यावर दमलेले समुद्रपक्षी बसले होते, तिने पाय पुढे टाकला तरी उडाले नाहीत. एदविजला लगेच कळलं. हा वादळाचा डोळा. लहानपणी डोंगरातल्या गावात तिने एकदा पाहिला होता. आजीने तेव्हा सगळ्यांना कान धरून आत ओढलं होतं, कारण डोळा सरकला की उरलेलं अर्धं वादळ उलट्या अंगाने येतं.

म्हणजे घाई करायला हवी होती. स्वयंपाकघर उघडं पडलं होतं. आत वर्षाचा मका, लाल घेवडा, वाळवून ठेवलेले ऑक्टोपस. हे भिजलं तर पुढचे महिने खायचं काय? तिने खाटेखालून ताडपत्री ओढून काढली. मागच्या एका वादळानंतर मदत म्हणून वाटलेली, चांगली जाड, दुहेरी शिवणीची. दोन कोपरे तिने भिंतीच्या खिळ्यांना बांधले. पण पाणी निथळायला वरचं टोक उंच हवं, आणि उंच म्हणून तिथे एकच वस्तू उभी होती. खांब. लाल बावट्यांच्या चिंध्याही उरल्या नव्हत्या, नुसती दोरी लोंबत होती. एदविजने ताडपत्रीचा कोपरा त्या दोरीला बांधला आणि सर्रकन वर खेचला. ताडपत्री फुगली, खांबाच्या टोकापर्यंत चढली, मका झाकला गेला.

"एकदाचं सरकार कामाला आलं," ती स्वतःशीच म्हणाली आणि गाठ मारली. खालून बघणारीला ते छप्पर होतं. फक्त छप्पर. दुसरं काहीही तिच्या मनात आलं नाही.

मग मका-घेवड्याची पोती एकेक करून कोरड्या कोपऱ्यात ओढली, आणि सगळं लावून वळली तेव्हा तिचं लक्ष खाडीकडे गेलं आणि ती जागच्या जागी थिजली.

खाडीत पाणीच नव्हतं. डोंगराकडच्या वाऱ्याने सगळं पाणी ढकलून प्रवाळाच्या कडेपलीकडे नेलं होतं. तळ उघडा पडला होता. चिखल, शेवाळ, कुशीवर कलंडलेल्या होड्या, तडफडणारे मासे. आयुष्यभर ज्या तळावर तिने पायाने चाचपडत वाट काढली तो तळ उन्हात असा नागडा पडलेला बघून तिला शिसारी आली. आणि त्या तळावर माणसं होती. ठिपक्यांसारखी, पण माणसंच.

"अरे मेल्यांनो!" ती ओरडली. "डोळा आहे हा! फुकटचे मासे दिसले की अक्कल गहाण टाकता का रे?"

पण ते मासे वेचत नव्हते. मासे वेचणारा माणूस वाकतो. हे वाकत नव्हते. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं, म्हाताऱ्यांना हाताला धरून सगळे सरळ चालत येत होते. टेकाडाकडे. तिच्याकडे.

मागे चौकीचं दार धाडकन उघडलं. आर्मांद इतका वेळ मागच्या खिडकीला फळ्या ठोकत होता. त्याच्या हातात अजून हातोडी होती.

"एदविज!" त्याने 'बाई' लावलं नाही. "हे काय लावलंस तू वर?"

"मका भिजेल म्हणून..."

"निळं आहे ते!"

तिने मान वर केली. खांबाच्या टोकाला, स्वच्छ आभाळाखाली, निळी ताडपत्री हळूहळू हलत होती. दांड्यावर ज्यांची छपरं उडाली होती, घरं मोडली होती, त्या सगळ्यांनी समोर खांबाकडे बघितलं होतं, आणि खांबाने सांगितलं होतं की संपलं, या आता.

"देवा रे," ती म्हणाली. "मी मारलं सगळ्यांना."

"आधी काढ ते!"

तिने सुरीने दोरी कापली. ताडपत्री खाली कोसळली. आर्मांद आत धावला, तीन लाल बावटे घेऊन आला, पण खांबाशी येऊन तो थबकला आणि खाडीकडे बघत राहिला.

"अर्ध्यावर आलेत ते," तो म्हणाला. "आता लाल दाखवला तर..."

"तर परत जातील! घरात जातील!"

"घरं मोडलीत ना पण. इकडे येऊ द्यावं का?"

एदविजने समुद्राकडे बोट दाखवलं. कडेपलीकडे, पाण्यावर, काळी भिंत उभी होती. आभाळापासून पाण्यापर्यंत, मधे फट नाही. डोळ्याची दुसरी कड. ती जवळ येताना दिसत होती. "ते गाठेल त्यांना उघड्यावर! बघ ना, निम्म्याहून जास्त लोकांना दांडाच जवळ आहे. इकडे यायला चढण आहे, म्हातारीकोतारी कशी चढणार? मोडकं असलं तरी घर ते घर. भिंतीआड तरी बसतील. दे इकडे!"

आर्मांदला पटलं. कुणालाही पटलं असतं. समुद्राकडून काय येणार आहे हे त्या दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. बावटे त्याने बांधले, पण दोरी एदविजने ओढली. आपण केलेली चूक आपल्याच हातांनी निस्तरायची म्हणून तिने त्याला हात लावू दिला नाही. कापलेल्या दोरीचा भाग आखूड, खरबरीत, ओला. तिच्या तळहातांची सालं निघाली. एक लाल, दोन लाल, तीन लाल. वर गेले.

एदविजने दोन्ही हात डोक्यावर नेऊन 'मागे जा' म्हणून हलवले. खाडीतले ठिपके थांबले. हातातल्या पोरांसकट, गाठोड्यांसकट सगळे थांबून वर बघत होते, हे टेकाडावरूनही कळत होतं. आणि मग, जसं शिकवलं होतं तसं, सगळे मागे फिरले. धावत फिरले. चांगली माणसं होती ती. सांगितलेलं ऐकणारी.

"फिरले!" आर्मांद म्हणाला. "फिरले गं!"

सगळे नाही. चिखलातून एक आकृती अजून पुढेच येत होती. पाय उचलून न टाकता, तळावरून घसरवत. छातीशी काहीतरी बांधलेलं. ते चालणं एदविजने ओळखलं नसतं तर जगात कुणी ओळखलं असतं? तिच्या मागे एक उंच माणूस एका थकलेल्या बाईला जवळजवळ उचलून धरून उभा होता. तो हाताने काहीतरी खुणावत होता. मग तो वळला आणि म्हाताऱ्या बाईला घेऊन दांड्याकडे चालू लागला.

"सोलांज!" एदविज किंचाळली. "मागे फिर! मागे फिर गं बये! लाल दिसत नाही का तुला!" तिचा आवाज तिथवर जाणं शक्य नव्हतं. तिने पुन्हा दोन्ही हात वर केले, डोक्यावर नेले, जीव खाऊन हलवले. जा, जा, जा! जितक्या जोरात ती हात हलवी तितकी सोलांज भरभर येई. "बघ कार्टीला!" ती रडत आर्मांदला म्हणाली. "जन्मात कधी ऐकलं नाही माझं! आजही ऐकत नाही! पोर आहे तिच्या अंगावर, पोर!"

वारा सुटला. पण या वेळी डोंगराकडून नाही. समोरून, दर्याकडून. आणि वाऱ्याच्या पुढे काहीतरी पांढरं, लांबलचक, खाडीच्या तोंडाशी उभं राहिलं. एदविजला क्षणभर समजेचना की ते काय आहे. मग कळलं. गेलेलं पाणी परत येत होतं.

ती टेकाडावरून खाली कशी आली ते तिला पुढेही सांगता आलं नाही. आर्मांद दोर घेऊन मागे होता. खालच्या खडकांशी सोलांज कमरेभर पाण्यात होती, मग छातीभर, ओरेलीला तिने डोक्यावर धरलं होतं. आर्मांदने दोर फेकला. एदविज खडकावर पोटावर पडली, आधी पोर घेतलं, मग मुलीचे केस, मग खांदा. चढण चढताना पाणी त्यांच्या मागून चढत होतं. चौकीच्या दारातून तिघं आत पडले आणि आर्मांदने दाराला पाठ लावली.

उरलेलं वादळ त्यांनी चौकीच्या कोठडीत काढलं, कारण तिला खिडकी नव्हती. बोललेलं ऐकू येत नव्हतं. सोलांजने एकदाच आईच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "ते पोचले असतील ना घरात?" एदविज म्हणाली, "पोचले. मी बघितलं ना वरून. सगळे पोचले." ते खरंच होतं.

सकाळी वारा पडला. आर्मांदने दार उघडलं, दोन पावलं गेला आणि तिथेच उभा राहिला. मग एदविज गेली, नातीला कडेवर घेऊन. मागून सोलांज.

समोर दांडा नव्हता. घरं मोडली होती, झाडं पडली होती, असं काही नाही. दांडाच नव्हता. जिथे वाळू होती, चूल पेटायची, जाळी वाळायची, ओदिलबाईंची बाग होती, तिथे आता नुसतं पाणी होतं, गढूळ, सपाट, कडेपर्यंत. एदविजने डोळे चोळले. तिला वाटलं आपण चुकीच्या बाजूला बघतोय. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, इतकी वर्षं पाहिलेल्या खाडीत ती दांडा शोधत राहिली. आर्मांद जमिनीवर बसला आणि त्याने टोपी तोंडावर ओढून घेतली.

सोलांज रडली नाही. ती आईच्या पुढे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "निळा कुणी लावला होता?"

"माझी ताडपत्री," एदविज म्हणाली. "चुकून."

"तो होता म्हणून आम्ही सगळे निघालो." सोलांज पाण्याकडे बघत बोलत होती. "छप्पर गेलं होतं. आन्सेल्म म्हणाला, निळा आहे, चल, तुझ्या आईकडे जाऊ. भांडण गेलं खड्ड्यात म्हणाला. लाल कुणी लावला?"

"मी," आर्मांद टोपीआडून म्हणाला. "नियमच आहे तो. मी लावला."

"खोटं बोलतोय तो." एदविजने कडेवरचं पोर सावरलं आणि मोकळा हात पुढे केला. तळहातावर दोरीचे लाल चरे होते, अजून ओले. "मी ओढला. तो थांब म्हणत होता. मी ओढला."

सोलांज त्या हाताकडे बघत राहिली. तिचा चेहरा कोरा होता, काही पोचत नसल्यासारखा.

"पण तू मला बोलवत होतीस," ती म्हणाली. "दोन्ही हात वर करून. मी आन्सेल्मला म्हटलं, लाल असू दे, आईने हात वर केलेत, म्हणजे पाणी फिरलंय, तिच्याकडे जायचं. मागे बघायचं नाही. तो म्हणाला, ती तुमची खूण, बावटा सगळ्यांचा. माझी आई लाल बघून पुढे पाऊल टाकायची नाही म्हणाला, तिला घरात बसवतो आणि येतो. तू हो पुढे."

एदविजने किती वर्षं हे शिकवलं होतं, किती पोरींना. आणि कालच्या त्या क्षणी ते तिच्या डोक्यातही नव्हतं. मुलगी तिचं ऐकत होती. अक्षर न् अक्षर ऐकत होती.

"वर लाल आणि खाली हात," सोलांज म्हणाली. "दोन्ही तूच. मग खरं कुठलं होतं, आई?"

बोलवत होते, एवढं म्हणणं सोपं होतं. आर्मांदने टोपी बाजूला केली होती. ती काय किंचाळत होती ते त्याने ऐकलं होतं आणि तो डोळ्यांनी तिला सांगत होता, म्हण, तेवढं तरी म्हण.

"मी तुला जा म्हणत होते," एदविज म्हणाली. "परत जा म्हणत होते. मला काहीच माहीत नव्हतं गं. मी घाबरले होते."

सोलांजने आईच्या कडेवरून मुलीला घेतलं. रागाने नाही, हळूच, झोपलेलं पोर उचलतात तसं. आणि चौकीच्या पायरीवर बसून तिला पाजायला लागली.

आतून रेडिओचा खरखराट आला. वादळ सरकलं होतं, बेटावरचे सगळे इशारे मागे घेतले होते. आर्मांद सवयीने उठला, आत गेला, खणातून खरा निळा बावटा काढून खांबापर्यंत आला आणि पाण्याकडे पाहिल्यावर त्याला पुढे काही करवेना. घडी केलेलं कापड हातात धरून तो नुसता उभा राहिला.

"लावा ना," सोलांज म्हणाली.

"राहू दे पोरी. कुणासाठी लावू?"

"लावा." तिने मान वर केली नाही. "निळा दिसल्याशिवाय तो घराबाहेर पडायचा नाही."

आर्मांदला गाठ बसेना. एदविजने त्याच्या हातातून बावटा घेतला, दोरीला बांधला आणि सोललेल्या तळहातांनी हळूहळू वर ओढला, पार टोकापर्यंत, दांड्यावरून नीट दिसेल असा.